भेगेचा एक फोटो आणि इमारतीचे निदान

‘भिंतीवरील भेगेचा मोबाइलने एक फोटो काढला की इमारत धोकादायक आहे की नाही, हे संगणक लगेच सांगतो’, असा संदेश फिरत असतो. फोटोतून भेग शोधता येते हे खरे असल्याने असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु संगणकाला मुळात दिसतो तो आजूबाजूपेक्षा गडद असा बिंदूंचा (पिक्सेलचा) अरुंद पट्टा. कोळिष्टक किंवा वायरीची सावलीही त्याला भेगेसारखीच भासू शकते.

शिवाय मापाचा प्रश्न आहे. १ मीटर रुंदीची भिंत ४००० बिंदू रुंदीच्या फोटोत बसवली, तर एक बिंदू ०.२५ मिलिमीटरचा होतो. काँक्रीटमधील भेगेच्या रुंदीची मर्यादा साधारणपणे ०.३ मिलिमीटर मानतात, म्हणजे नेमका महत्त्वाचा फरक एका बिंदूतच हरवतो.

त्याहून महत्त्वाचा आहे काळ. नागपूर परिसरातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे मे महिन्यात रुंदावलेली भेग सप्टेंबरात जवळजवळ मिटलेली दिसू शकते.

भेग बदलते आहे का, हे घरीही पडताळता येते. भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, शेजारी मोजपट्टी चिकटवावी आणि दरमहा त्याच जागेवरून, तेवढ्याच अंतरावरून, त्याच वेळी फोटो काढावा. भेग मूळ खुणेपलीकडे सरकत असेल, किंवा ती खांबावर वा तुळईवर असेल, तर मात्र पुढच्या फोटोची वाट न पाहता संरचना अभियंत्याला बोलवावे, कारण आतल्या सळईला चढलेला गंज फोटोत दिसत नाही.