तर्रीत कोलेस्टेरॉल नाही, मग?

नाशिकची मिसळ समोर आली की आधी नजर जाते ती तर्रीकडे. मिरचीचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो; म्हणून तो लालबुंद थर. रविवार कारंजाजवळ मिसळ खाताना शेजारचे काका मला म्हणाले, "बिनधास्त घ्या हो, तेलाच्या डब्यावर लिहिलंय, कोलेस्टेरॉल-फ्री!"

डबा खोटं बोलत नाही. कोलेस्टेरॉल हा प्राण्यांच्या शरीरातला माल. वनस्पतींकडे त्याचे चुलतभाऊ, फायटोस्टेरॉल, असतात. शेंगदाणा, सूर्यफूल, पाम, खोबरं, कुठलंही तेल घ्या, ते 'फ्री'च. त्यामुळे तेल निवडायला त्या शिक्क्याचा काडीचा उपयोग नाही.

खरा खेळ यकृतात चालतो. कोलेस्टेरॉल रक्तातून फिरतं ते मुख्यतः एलडीएल नावाच्या कणांत बसून; यालाच 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात. हे कण पकडून आत ओढणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर असतात. ते शोधून काढणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं. संपृक्त मेदाम्लं (सॅच्युरेटेड फॅट) पोटात फार गेली की हे रिसेप्टर मंदावतात आणि एलडीएल रक्तात रेंगाळतं. त्यांच्या जागी लिनोलेइक आम्लासारखी असंपृक्त मेदाम्लं आली, तर एलडीएल उतरतं. 'जागी' हा शब्द महत्त्वाचा. आहे त्या जेवणावर करडईचं तेल आणखी ओतलं, तर वाढतात त्या कॅलरी. चमचाभर तेलात चाळीसेक असतात.

आता तेलांकडे बघू. खोबरेल तेलात संपृक्त मेद ९० टक्क्यांच्या आसपास, पाम तेलात जवळपास निम्मा, शेंगदाणा तेलात साधारण पाचवा हिस्सा, सूर्यफुलात दहा-अकरा टक्के. घाण्याचं की रिफाइंड, हा आपल्याकडे हमखास रंगणारा वाद. पण शेंगदाणा तोच असेल तर मेदाम्लांचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखंच. घाण्याच्या तेलाला वास आणि चव असते, रिफाइंड करताना थोडे फायटोस्टेरॉल कमी होतात, इतकंच. मी घाण्याचं आणतो ते चवीसाठी.

वनस्पती तुपाची गोष्ट वेगळी. तेलात हायड्रोजन घालून ते अर्धवट घट्ट केलं की ट्रान्स मेद तयार होतो. तो एलडीएल वाढवतो आणि वर चांगलं मानलं जाणारं एचडीएल खाली आणतो. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या औद्योगिक ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची मर्यादा आहे.

म्हणून मिसळीपुढे बसल्यावर मला तर्रीइतकीच वरच्या शेवेचीही चौकशी करावीशी वाटते. फरसाणवाल्यांना पामोलिन, म्हणजे पाम तेलाचाच पातळ भाग, परवडतं. ते स्वस्त असतं आणि तळणीत लवकर खराब होत नाही. पाकिटबंद शेव असेल तर पाकीट उलटून बघा, घटकांच्या यादीत बारीक अक्षरांत तो शब्द बऱ्याचदा सापडतो.