जनगणनेची गावनिहाय आकडेवारी आणि नकाशे: कुठे मिळतात, अर्ज कधी लागतो

पदवीचा प्रकल्प असो, ग्रामपंचायतीचा विकास आराखडा असो की संस्थेचा निधीसाठीचा प्रस्ताव, गावाची लोकसंख्या विचारली की बहुतेकजण आधी तहसील कार्यालय गाठतात. तिथून जिल्हाधिकारी कार्यालयात जायला सांगतात आणि तिथे कुणीतरी जुनी झेरॉक्स हातात ठेवतं. एवढी पायपीट करायची गरज नसते. 2011 च्या जनगणनेचे गावनिहाय तक्ते महारजिस्ट्रार व जनगणना आयुक्त यांच्या सेन्ससइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर फुकट उपलब्ध आहेत. पात्रतेची अट नाही, ओळखपत्र नाही, कॉलेजचं शिफारसपत्रही नाही. नवी जनगणना 1 मार्च 2027 या संदर्भदिनांकाची आहे. तिचे गावनिहाय तक्ते येईपर्यंत 2011 वरच काम भागवायचं आहे.

तिथे दोन गोष्टी शोधायच्या. पहिली प्राथमिक जनगणना गोषवारा (प्रायमरी सेन्सस ॲबस्ट्रॅक्ट). यात कुटुंबं, स्त्री-पुरुष, 0 ते 6 वयाची मुलं, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर आणि काम करणाऱ्यांचे प्रकार असतात. दुसरी जिल्हा जनगणना पुस्तिका (डिस्ट्रिक्ट सेन्सस हँडबुक). तिच्या अ भागात गावातल्या सोयींची यादी येते: शाळा, दवाखाना, बस, पाणी. सोय गावात नसेल तर जवळच्या ठिकाणाचं अंतर अक्षरात दिलेलं असतं: ए म्हणजे 5 किलोमीटरच्या आत, बी म्हणजे 5 ते 10, सी म्हणजे त्याहून लांब. तालुक्याचे नकाशेही याच पुस्तिकेत सापडतात.

घोळ सुरू होतो तो गाव शोधताना. 2011 मध्ये महाराष्ट्रात 35 जिल्हे होते. पालघर 1 ऑगस्ट 2014 ला झाला, त्यामुळे मोखाडा, जव्हार, विक्रमगड, वाडा, डहाणू, तलासरी, वसई आणि खुद्द पालघर तालुक्याची गावं ठाण्याच्या फाइलमध्ये आहेत. धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर ही नावंही तिथे सापडणार नाहीत, जुन्या नावांनी शोधा. त्यात स्पेलिंगची तऱ्हा वेगळीच. बीडमध्ये दोन ई नाहीत, बी-आय-डी एवढंच लिहिलंय. रायगडच्या शेवटी आर-एच आहे. बुद्रुक आणि खुर्द यांची बी-के आणि के-एच अशी लघुरूपं केली आहेत. एकाच तालुक्यात एकाच नावाची दोन गावं असली की नावावर विसंबणं धोक्याचं.

म्हणून पहिल्या दिवशी गावाचा कोड वहीत लिहून घ्या. महाराष्ट्राचा राज्य कोड 27. जिल्ह्यांचे कोड नंदुरबारच्या 497 पासून सांगलीच्या 531 पर्यंत, त्यात ठाणे 517. तालुक्याचा कोड पाच आकडी आणि गावाचा सहा आकडी. केंद्राच्या स्थानिक स्वराज्य निर्देशिकेत (लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी) ग्रामपंचायतीच्या नावावरून गाव काढता येतं आणि सोबत 2011 चा कोडही मिळतो. 2001 चे कोड वेगळे आहेत. दहा वर्षांची तुलना करायची असेल तर गावांची जुळणी हाताने करावी लागते, त्याला पळवाट नाही.

आता फाइल उघडा. एक्सेलमध्ये राज्य, जिल्हा, तालुका, गाव, शहर, वॉर्ड अशा सगळ्या ओळी एकाखाली एक असतात आणि एकूण, ग्रामीण, नागरी अशा वेगळ्या ओळी पुन्हा त्यात मिसळलेल्या. फिल्टर न लावता बेरीज मारली की तालुक्याची लोकसंख्या कैकपट फुगते, आणि असे फुगलेले आकडे छापील अहवालांतसुद्धा दिसतात. लेव्हल या रकान्यात फक्त गाव निवडा, मग पुढे चला. तालुक्याचा कोड शून्याने सुरू होतो, एक्सेल तो शून्य गिळतं. तो रकाना मजकूर म्हणून ठेवा, नाहीतर नकाशाशी जोडताना काही जुळत नाही. साक्षरतेची टक्केवारी फाइलमध्ये नसते, ती काढावी लागते आणि काढताना एकूण लोकसंख्येतून 0 ते 6 वयोगट वजा करायचा असतो. लोकसंख्या शून्य असलेली गावं दिसली तर फाइल बिघडलीय असं समजू नका. ती उजाड गावं, विदर्भात ज्यांना रिठी म्हणतात.

आकड्यांना मर्यादा आहेत. जनगणनेचं गाव म्हणजे महसुली गाव. मोखाड्यासारख्या तालुक्यात एका गावात अनेक पाडे असतात, पण पाडानिहाय आकडे प्रसिद्ध होत नाहीत. त्यासाठी अंगणवाडीचं सर्वेक्षण रजिस्टर धुंडाळावं लागतं. शहरात मात्र वॉर्डापर्यंतचे आकडे असतात. काही गावं या तक्त्यांत नागरी भागात सापडतात. लोकसंख्या 5000, चौरस किलोमीटरला 400 घनता आणि 75 टक्के पुरुष मुख्य कामगार (वर्षातून सहा महिने किंवा जास्त काम करणारे) शेतीबाहेरचे, या तीन अटी पुऱ्या झाल्या की कारभार ग्रामपंचायतीचा असला तरी जनगणना त्या गावाला शहर धरते.

ऊसतोडीच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन गळीत हंगामात. नियमाप्रमाणे या पूर्ण काळात जो घरी नव्हता, तो जिथे होता तिथे मोजला जातो. बीडच्या गावातली लोकसंख्या कागदावर कमी दिसली तर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या तेव्हा कुठे होत्या ते आधी विचारा, निष्कर्ष नंतर काढा.

अर्ज कधी लागतो? एखादा तक्ता संकेतस्थळावर सापडत नसेल तेव्हा. राज्याचं जनगणना कार्य संचालनालय मुंबईत असलं तरी ते केंद्राचं कार्यालय आहे. त्यामुळे माहिती अधिकाराचा अर्ज केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर करायचा, राज्याच्या नव्हे. टपालाने पाठवला तर 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा. राज्याच्या कार्यालयांत चालणारं कोर्ट फी स्टँप इथे चालत नाही. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. ए-फोर आकाराच्या प्रतीला पानामागे 2 रुपये. उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात तक्त्याचं नाव, वर्ष आणि कोड लिहा. ‘आमच्या गावाची सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलेल्या अर्जाचं काय होतं, ते सांगायला नको.

वैयक्तिक नोंद मात्र कोणत्याही अर्जाने मिळत नाही. आजोबांचं नाव आणि जात जनगणनेत असेल, ती जातपडताळणीला लावू, ही आशा अनेकांना असते. जनगणना अधिनियम 1948 च्या कलम 15 नुसार प्रगणकाने भरलेले कागद कुणाला पाहता येत नाहीत आणि ते पुरावा म्हणूनही चालत नाहीत. शिवाय 2011 च्या जनगणनेत जात फक्त अनुसूचित जाती-जमातींपुरती नोंदली गेली. इतर मागासवर्गाचे आकडे मागण्यात अर्थ नाही.

नकाशांसाठी तीन ठिकाणं. जनगणनेच्या संकेतस्थळावर तालुका नकाशे पीडीएफमध्ये आहेत, गावांच्या हद्दी समजायला पुरेसे. डोंगर, ओढे, रस्ते हवे असतील तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ऑनलाइन मॅप्स पोर्टलवरून 1:50,000 प्रमाणाची शीटं घ्या. तिथे नोंदणी करावी लागते. गट नंबर हवेत तर महाभूनकाशा हे राज्याचं जमिनीच्या नकाशांचं संकेतस्थळ. तिथला नकाशा पाहायला आणि उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत, पण कार्यालयीन कामाला सही-शिक्क्याची प्रत लागते. ती तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गट नंबर लिहून अर्ज दिला आणि नक्कल फी भरली की मिळते.