आफ्रिकेत म्हणे जमीन नुसती पडून आहे!

"आफ्रिकेत हजारो एकर जमीन मोकळी पडलीय, मालकच नाही, जाऊन शेती करायची" असं कितीदा तरी फॉरवर्ड होऊन येतं, आणि हे साफ चुकीचं आहे. मोकळी दिसते ती बऱ्याचदा विश्रांतीला सोडलेली असते, दोनचार वर्षं पीक घेतलं की जमीन पडीक ठेवायची म्हणजे कस परत येतो, नाहीतर ती गुरांची चराई असते, सरपणाचं रान असतं. सातबारासारखा कागद नसतो एवढंच. लिझ अल्डेन वायली यांच्यासारखे जमीनहक्कांचे जाणकार कित्येक वर्षं हेच सांगतायत की कागद नाही म्हणजे हक्क नाही असं होत नाही. मोझांबिकचंच बघा ना, तिथे जमीन सरकारची, पण १९९७ च्या कायद्यात वहिवाटीचा हक्क मान्य आहे, कागद नसला तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांची तोंडी साक्ष चालते, म्हणजे म्हातारी माणसं सांगतात की ह्या ओढ्यापासून त्या कबरींपर्यंत आमचं, आणि तो पुरावा धरला जातो. किती मोठी गोष्ट आहे ही! केनियातल्या माऊ जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या ओगिएक लोकांना सरकारने हुसकावलं, तर २०१७ साली आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाने सरकारविरुद्ध निकाल दिला. तरी त्यानंतरही त्यांना तिथून हाकलणं थांबलेलं नाही, २०२३ मध्येसुद्धा घरं पाडली.