‘मिळावे’ आणि ‘करू’: शाळेचं मागणीपत्र वेगळं, विकास आराखडा वेगळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या वऱ्हांड्यात डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही सतरंजीवर बसलो होतो. शाळा व्यवस्थापन समितीची मासिक सभा होती. मी निवृत्त मुख्याध्यापक, आराखडा भरायला मदत करा म्हणून समितीने बोलावलेला. शाळेतल्या सरांनी कपाटातून जुनी फाइल काढली. तीत मागच्या तीन वर्षांचे तीन ‘शाळा विकास आराखडे’ होते. तिन्ही एकाच पानाची झेरॉक्स, वर्षाचा आकडा तेवढा पांढरी शाई लावून बदललेला. मजकूर असा: संरक्षक भिंत मिळावी. एक वर्गखोली मिळावी. शौचालयाची दुरुस्ती व्हावी. एक शिक्षक मिळावा. संगणक मिळावेत. शेवटी ‘पुढील कार्यवाहीस्तव सविनय सादर’, आणि खाली अध्यक्ष व सचिवांच्या सह्या.

तो कागद खोटा नव्हता. त्यातली प्रत्येक गरज खरी होती. भिंत नसल्याने गावची गुरं मैदानात शिरत आणि पावसाळ्यात लावलेलं एकही रोप दिवाळीपर्यंत टिकत नसे. पण तो आराखडा नव्हता, ते मागणीपत्र होतं. नोकरीत असताना मीही वर्षानुवर्षं असेच कागद लिहून दिले. दोन्हींतला फरक मला उशिरा कळला, म्हणूनच तो आता नीट सांगावासा वाटतो.

घोळाचं मूळ नमुन्यातच आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, तो लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याच्या कलम 21 ने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. कलम 22 ने शाळेचा विकास आराखडा करायची जबाबदारी या समितीवर टाकली. आराखड्यात काय काय असावं हे केंद्राच्या 2010 च्या आदर्श नियमांत दिलेलं आहे: येत्या तीन वर्षांचा वर्गवार पट, निकषांप्रमाणे कमी पडणारे शिक्षक, लागणाऱ्या खोल्या आणि साहित्य, आणि त्यासाठीचा वर्षवार जादा खर्च. एक तीन वर्षांचा आराखडा, त्याच्या पोटात तीन वार्षिक उपआराखडे. आता हे चार रकाने मुख्याध्यापकासमोर ठेवले तर तो पट लिहितो, आणि उरलेल्या तीन रकान्यांत शाळेत काय काय नाही ते लिहितो. लेकरं काय शिकली, कोण शाळेत येत नाही, का येत नाही, हे विचारणारा रकाना तिथे नाहीच. नियमांनी सांगितलं ते किमान. त्यापुढे एक ओळही लिहू नका असं कोणी म्हटलेलं नाही. पण नमुना हाती आला की त्याच्याबाहेर पेन जात नाही.

समोरचा कागद कुठला आहे हे ओळखायला मी क्रियापद पाहतो. मागणीपत्रातलं वाक्य ‘मिळावे’, ‘व्हावे’, ‘द्यावे’ असं संपतं. करणारा दुसराच कोणीतरी असतो आणि बहुतेक वेळा वाक्यात त्याचं नावही नसतं. आराखड्यातलं वाक्य ‘करू’, ‘येतील’, ‘वाचतील’ असं संपतं, आणि त्याला लगेच विचारता येतं: कोण करणार, कधीपर्यंत? मागणीपत्रात पाच मागण्या असल्या तर पाचही सारख्याच वजनाच्या. आराखड्यात मात्र आधी काय आणि मग काय, हे ठरवावंच लागतं, आणि ते ठरवताना वाद होतो. सभा वादाशिवाय पार पडली असेल तर हाती मागणीपत्रच आलं असं खुशाल समजा.

त्या सकाळी वाद झाला. एक सदस्य म्हणाले, “गुरुजी, पयले वालकंपाऊंड लिवा. बाकी मंग पाहू.” दोघातिघांनी माना हलवल्या. मी म्हटलं, भिंत लिहूच, पण आधी हजेरीपट आणा. ऑगस्टचं पान आणि नोव्हेंबरचं पान शेजारी शेजारी ठेवलं. ऑगस्टात गैरहजेरीच्या खुणा इकडे तिकडे विखुरलेल्या होत्या. नोव्हेंबरात तिसरी ते पाचवीच्या काही मुलींपुढे त्या सलग लागलेल्या, पाच-सहा दिवसांची ओळ, मध्ये एक दिवस हजर, पुन्हा ओळ. सरांनी हजेरीच्या तारखांवर बोट फिरवलं. सगळ्या तारखा बाजाराच्या दिवसाच्या निघाल्या.

मागे एक ताई बसल्या होत्या, त्या दिवसाची मजुरी पाडून आलेल्या. तोवर गप्प होत्या. म्हणाल्या, “आमी कापूस वेचाले जातो ना जी. बाजाराच्या दिवशी मजुरी बंद रायते, मंग पोरगी शायेत येते. बाकीच्या दिवशी लहान्याले कोन पाहीन?”

त्यानंतर बराच वेळ भिंतीचं नाव कोणी काढलं नाही. त्या मुली आजारी नव्हत्या, शाळेला कंटाळलेल्याही नव्हत्या. त्या घरातलं तान्हं सांभाळत होत्या. अंगणवाडीत बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं. त्याहून लहान लेकरू तिथे दिवसभर ठेवता येत नाही, आणि वेचणीला गेलेली आई संध्याकाळशिवाय परतत नाही. ही गोष्ट तीन वर्षांच्या एकाही कागदावर आली नव्हती, कारण ‘मिळावे’ लावून ती लिहिताच येत नाही.

मग आम्ही लिहिलं ते असं: वेचणीच्या महिन्यांत भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवणार नाही. वऱ्हांड्याच्या एका कोपऱ्यात गावातल्या दोन आज्या आळीपाळीने बसतील. कोणी कधी बसायचं हे बचत गटाच्या ताई ठरवतील. त्या मुलींची हजेरी दर महिन्याच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवू. यात खर्च जवळजवळ नव्हता आणि वरची मंजुरी लागत नव्हती. सगळं सुटलं असंही झालं नाही. एका मुलीचं कुटुंब पंधरा दिवसांत वीटभट्टीवर निघून गेलं. जाताना तिला शिक्षण हमी कार्ड द्यायला हवं होतं, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेत तिला बसता आलं असतं. ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. आता स्थलांतराआधी कार्ड देण्याची ओळ पुढच्या वर्षाच्या उपआराखड्यात आहे आणि तिच्यापुढे वर्गशिक्षकांचं नाव आहे.

मागणीचा आराखडा कसा होतो हे शौचालयात दिसलं. ‘दुरुस्ती व्हावी’ असं तीन वर्षं लिहिलेलं होतं, म्हणून सगळे उठून पाहायला गेलो. दारं शाबूत, भांडी शाबूत. टाकीपासून येणारा पाइप फुटलेला, म्हणून पाणी नाही, आणि पाणी नाही म्हणून दाराला कुलूप. सहावी-सातवीच्या मुली मधल्या सुट्टीत घरी जात, त्यातल्या काही दुपारी परतच येत नसत. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान ठरलेलं आहे: 30 पर्यंत पट असेल तर 10,000 रुपये, 100 पर्यंत 25,000, 250 पर्यंत 50,000. त्यातला किमान 10 टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. फुटका पाइप बदलायला एवढे पैसे पुरेसे होते. मग वाक्य बदललं: 31 जानेवारीपर्यंत पाइप बदलू, खर्च शाळा अनुदानातून. फेब्रुवारीपासून मधल्या सुट्टीनंतर मुलींची हजेरी पुन्हा घेऊ. हा दुसरा भाग लिहायला लोक कुरकुरतात, आणि आराखडा तर तिथेच आहे. पाइप बसला की मागणी पुरी होते, पण मुली दुपारी वर्गात बसल्या की नाही हे पाइप सांगत नाही.

शिकण्याबाबतही तसंच. ‘गुणवत्ता वाढवावी’ हे वाक्य शिक्षकांकडे तोंड करून लिहिलेलं असलं तरी ती मागणीच. 2021 साली आलेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या लेकराने समजून, मिनिटाला किमान 60 शब्द वाचावेत असं उद्दिष्ट आहे. आपल्या तिसरीतली कोणती लेकरं आज कुठे आहेत, हे नावानिशी लिहा. मेळघाटात घरी कोरकू, गडचिरोलीत गोंडी, यवतमाळच्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, कोलामी, तांड्यावर गोरमाटी. यातली कित्येक लेकरं पुस्तकातली मराठी पहिल्यांदा वर्गातच ऐकतात. ते आराखड्यात आलं नाही तर पहिलीचं पहिलं वर्ष वाया जातं.

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे मागण्या सोडून द्यायच्या आणि सगळं गावानेच करायचं. अजिबात नाही. ‘करू, करू’ म्हणत सरकारचं काम गावाच्या गळ्यात बांधून घेऊ नका. पहिली ते पाचवीला 60 पर्यंत पट असेल तर दोन शिक्षक, हे कायद्याच्या अनुसूचीतच आहे. सगळ्या ऋतूंत टिकणारी इमारत, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, खेळायला मैदान हेही तिथेच आहे. आणि त्या सदस्यांनी पहिल्यांदा मागितलेली संरक्षक भिंत किंवा कुंपण, तेसुद्धा त्याच अनुसूचीत आहे. शेतमजुराच्या घरातून लोकवर्गणी काढून शिक्षक नेमायची वेळ गावावर येऊ नये, आणि तशी वेळ आणणाऱ्या आराखड्यावर सही करू नये.

मागणी आराखड्याच्या आत बसली की तिला कायद्याचं बळ येतं. कलम 22 च्या दुसऱ्या पोटकलमात स्पष्ट म्हटलं आहे की समितीने केलेला आराखडा हाच शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या योजनांचा आणि अनुदानांचा आधार राहील. नुसत्या अर्जाला तसा आधार नाही. त्याला आवक क्रमांक पडतो आणि तो फाइलीत जातो.

म्हणून भिंत आम्ही गाळली नाही, तिचं वाक्य वाढवलं. गुरं कोणत्या बाजूने येतात, ती बाजू टेप लावून किती भरली, अनुसूचीचा आधार कोणता, हे सगळं लिहिलं. पुढे एक शब्द टाकला: ‘तोवर’. तोवर त्या बाजूला बोर-बाभळीच्या काट्यांचं कुपाटं घालू, काटे कोण आणणार त्यांची नावं ही. मागणीपत्रात ‘तोवर’ कधी सापडत नाही. तिथे भिंत आली नाही की वर्ष तसंच जातं.

आराखडा आणि पैसा एकाच ठिकाणी ठरवणाऱ्या शाळाही आहेत. अमेरिकेतल्या शिकागोत 1988 च्या कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला स्थानिक परिषद दिली. तीत सहा पालक, दोन शिक्षक, दोन परिसरातले रहिवासी आणि मुख्याध्यापक. शाळेची सुधारणा योजना आणि तिचं अंदाजपत्रक दोन्ही याच परिषदेसमोर मंजुरीला येतात, मुख्याध्यापक निवडण्याचा अधिकारही तिला मिळाला. काय करायचं आणि कोणत्या पैशातून, हे एकाच बैठकीत ठरतं. आपल्याकडे आराखडा गावात होतो आणि मोठा पैसा पंचायत समिती, जिल्हा परिषदेत ठरतो. मधलं हे अंतर एकट्या गावाकडून मिटणारं नाही, पण नीट लिहिलेला आराखडा हातात असला तर निदान त्या टेबलासमोर उभं राहून बोलता येतं.

वेळेचं गणितही सांभाळायला हवं. समिती ज्या आर्थिक वर्षात बनते त्याच्या अखेरीच्या किमान तीन महिने आधी आराखडा तयार हवा, म्हणजे डिसेंबरात. आणि आर्थिक वर्ष संपायच्या आत, अध्यक्ष किंवा उपाध्यक्ष आणि सचिवांच्या सह्यांसह तो स्थानिक प्राधिकरणाकडे पोचायला हवा. पोच मात्र घ्याच. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याची मोहीम तर 2 ऑक्टोबरपासूनच सुरू होते. नळ, कुंपण, रस्ता अशी ग्रामपंचायतीच्या हातातली कामं तेव्हाच ग्रामसभेत मांडावी लागतात. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनची गडबड आणि डिसेंबर म्हणजे वेचणी, त्यामुळे कामाच्या दिवशी सकाळी ठेवलेल्या सभेला ज्यांनी बोलायला हवं त्या बाया शेतात असतात.

म्हणून जानेवारीची सभा आम्ही बाजाराच्या दिवशी ठेवली. त्या ताई आल्या, सोबत आणखी चौघी आल्या. सरांनी ठरल्याप्रमाणे हजेरी वाचायला घेतली. एक आई बोटांवर मोजत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, “अठरा झाले जी. मांगच्या मयन्यात सातच होते.”