अयुत्थयातल्या मुंडकी नसलेल्या मूर्ती : सगळा दोष बर्मी सैन्याचा?

थायलंडची जुनी राजधानी अयुत्थया पाहून आलेला माणूस हमखास सांगतो, 'बर्मी सैन्याने तिथल्या सगळ्या बुद्धमूर्तींची डोकी उडवली.' हे अर्धसत्य आहे.

1767 मध्ये बर्मी सैन्याने शहर जाळलं, लुटलं, हे खरंच. मूर्तींवरचं सोनंही गेलं. पण ते सैनिक स्वतः थाई लोकांसारखेच थेरवाद पंथाचे बौद्ध होते, हे आपण विसरतो. पुढे बँकॉक उभारताना इथल्याच पडक्या भिंतींच्या विटा होड्यांतून नेल्या गेल्या. ऊन-पावसाने विटा-चुन्याच्या मूर्ती ढासळल्या. आणि डोकी? त्यातली कितीतरी नंतरच्या चोरांनी पुराणवस्तूंच्या बाजारासाठी तोडली; अख्ख्या मूर्तीपेक्षा डोकं पळवणं सोपं. 1957 मध्ये तर वाट राचबुराणा ('वाट' म्हणजे बौद्ध मंदिर) इथल्या तळघरातलं सोनंच चोरांनी लांबवलं. तेव्हा बर्मी सैन्य जाऊन 190 वर्षं झाली होती!

वाट महाथातमधलं, झाडाच्या मुळांत अडकलेलं ते प्रसिद्ध मस्तकही कुणी मुद्दाम बसवलेलं नाही. पडलेल्या मस्तकाभोवती मुळं वाढत गेली, असंच सहसा मानतात. तिथे फोटो काढताना खाली बसा, आपलं डोकं बुद्धाच्या वर जाता कामा नये. आणि बिनडोक्याच्या मूर्तीमागे उभं राहून स्वतःचं तोंड लावायचा चावटपणा तर नकोच.