वील्डन हॉल-हाउस

इंग्लंडच्या आग्नेयेकडील केंट, सरे आणि ससेक्स या परगण्यांत मुख्यतः आढळणारे, ओकच्या लाकडी सांगाड्याचे मध्ययुगीन शेतघर. यॉमन म्हणजे सुखवस्तू शेतकरी अशी घरे बांधत. बांधणीचा भराचा काळ पंधरावे शतक. वील्ड या जंगलपट्ट्यावरून नाव पडले.

एकाच छपराखाली तीन भाग असतात. मधला हॉल बहुधा दोन खणांचा, जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळा. दोन्ही टोके दुमजली. टोकांचे वरचे मजले दर्शनी बाजूला खालच्या भिंतीपुढे झुकलेले असतात, हॉलची भिंत मात्र मागेच राहते. छपराची कड सरळ ठेवायची तर हॉलपुढे एक तुळई अधांतरी जाते आणि दोन बाजूंच्या कमानदार तिरप्या टेकूंवर तोलली जाते. हे घर ओळखण्याची खूण हीच. एका टोकाला मालकाची खोली, दुसरीकडे पेये आणि धान्य-भाकरीच्या कोठ्या.

भार सगळा सांगाड्यावर. भिंती नुसत्या भरावाच्या. लाकूड ओलेच वापरत, कारण वाळलेला ओक छिन्नीला दाद देत नाही. सांधा खाच-कुसवाचा, म्हणजे एका लाकडाचे निमुळते टोक (कुसू) दुसऱ्याच्या खाचेत बसवलेला. कुसवातले भोक खाचेतल्या भोकापेक्षा किंचित आत पाडतात, त्यामुळे खुंटी ठोकताच सांधा आवळला जातो. खांब उलटा, बुंध्याकडची जाड बाजू वर करून उभारतात. तिथे खांब, भिंतीच्या माथ्यावरची तुळई आणि आडवी तुळई असे तिघे एकत्र येतात, म्हणून तेवढी जाडी हवीच. जोडणी आधी सुताराच्या आवारात करून पाहत आणि सांध्यांवर रोमन आकडे कोरत. खुंट्या काढल्या की घर सुटे होते. केंटमधील चिडिंगस्टोन येथील ‘बेलीफ’ हे घर बाऊ बीच जलाशयामुळे असेच उतरवून वेस्ट ससेक्समधील सिंगलटनच्या संग्रहालयात पुन्हा उभारले आहे.

भिंतीचा भराव कोकणातल्या कुडासारखा: ओकच्या उभ्या काठ्या, त्यांत विणलेल्या हेझलच्या फांद्या, वर माती, शेण आणि चिरलेल्या पेंढ्याचा लेप, शेवटी चुना. खिडक्यांना काच नसे. उभे लाकडी गज आणि आतून झडपा.

हॉलमध्ये जमिनीवरच उघडी चूल, धुराडे नाही. त्यामुळे छपराचे वासे काजळीने काळे होत. सोळाव्या शतकापासून विटांचे धुराडे आले आणि हॉलमध्ये मधला मजला घालण्यात आला. आज माळ्यावर काजळलेले वासे सापडले, तर खाली पूर्वी मोकळा हॉल होता असे जाणकार धरून चालतात. बाहेरच्या लाकडाला काळा रंग देण्याची चाल मात्र बरीच उशिराची. तिला मध्ययुगीन समजणे चूक.

बिघाड बहुधा तळाच्या तुळईपासून सुरू होतो. ती दगडी जोत्यावर टेकलेली असते. बाहेरची जमीन चढत गेली की तिला ओल लागते. त्याहून वाईट सिमेंटचा गिलावा. लाकूड ऋतूनुसार हलते, सिमेंट हलत नाही. फटीतून पाणी शिरते आणि आतच अडकते. ओल्या, बुरशी लागलेल्या ओकला मग डेथवॉच भुंगा पोखरतो. औषध फवारण्याआधी ओल थांबवावी, सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करावा आणि कुजलेला तेवढाच तुकडा कापून तिरक्या सांध्याने नवा ओक जोडावा.