एकामागून एक, की एकाच वेळी?

रबाळे एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात ट्रान्सफॉर्मरसाठी तार गुंडाळणारे यंत्र आहे. त्याच्या मोटरचे फेरे मोजायला आम्ही अर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे एकाच चिपवरच्या छोट्या संगणकाचा, बोर्ड बसवला होता आणि तो बिनतक्रार चालत होता. दुसरी मोटर जोडली आणि तारेचे थर सरकू लागले. आम्ही दोन दिवस प्रोग्राममधली चूक शोधत बसलो, पण चूक प्रोग्राममध्ये नव्हतीच.

मोटरच्या दांड्यावरचा एन्कोडर, म्हणजे फिरण्याचे विद्युत सिग्नल करणारा भाग, एका फेऱ्यात ४००० बदल कळवतो. मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५०; तेव्हा दर ५ मायक्रोसेकंदांनी एक बदल येतो. आमच्या उनोवरच्या मायक्रोकंट्रोलरचे घड्याळ १६ मेगाहर्ट्झचे असल्यामुळे तेवढ्या अवधीत त्याला ८० ठोके मिळतात, आणि तेवढ्यात त्याने चालू काम थांबवायचे, रजिस्टरमधले, म्हणजे हाताशी धरलेले, आकडे जपून ठेवायचे, मोजणी एकाने पुढे न्यायची आणि परत मूळ कामाला लागायचे. एका मोटरचे हे कसेबसे जमते. दोन मोटरी असल्या की प्रत्येक बदलाच्या वाट्याला सरासरी ४० ठोके येतात आणि काही बदल निसटतात.

मायक्रोकंट्रोलर अशी सगळी कामे एकामागून एक करतो. एफपीजीए, म्हणजे आतले सर्किट वापरणाऱ्याला हवे तसे जुळवता येते अशी चिप, घेतली तर अशी रांगच नसते. झायलिंक्स या कंपनीने १९८५ मध्ये आणलेल्या पहिल्या एफपीजीएत असे ६४ ब्लॉक होते, ज्यांचे काम आणि आपसांतली जोडणी वापरणाऱ्याने ठरवायची. अशा ब्लॉकच्या पोटात एक छोटे कोष्टक असते: चार तारांवर शून्य-एकच्या १६ जुळण्या होऊ शकतात, आणि प्रत्येकीचे उत्तर काय ते त्यात आधीच लिहून ठेवलेले असते. असे ब्लॉक जोडून प्रत्येक मोटरला तिचे स्वतंत्र मोजणी-सर्किट मिळते, आणि ती सगळी एकाच वेळी चालतात. आठवी मोटर जोडली तर चिपवरची जागा खर्च होते, पहिलीचा वेळ नव्हे.

म्हणून प्रत्येक प्रकल्पात एफपीजीए घ्यावा, असे मात्र मी मुळीच म्हणणार नाही. ठाण्यातल्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी भरायला बराच वेळ लागतो. तिचा पंप चालू-बंद करणारा मायक्रोकंट्रोलर बहुतेक वेळ झोपून राहिला तरी चालते. उलट एफपीजीएसाठी व्हेरिलॉगसारख्या भाषेत कामाच्या पायऱ्या नव्हे तर सर्किटच लिहावे लागते, अनेक चिपांना गाभ्यासाठी १.२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, वीज गेली की पुष्कळशा चिपा आपली रचना विसरतात म्हणून शेजारी फ्लॅश मेमरी ठेवावी लागते, आणि एन्कोडरचे ५ व्होल्टचे सिग्नल थेट जोडले तर चिप जळण्याची भीती असते.

शिवाय या दोहोंच्या मध्ये एक वाट आहे आणि विद्यार्थी नेमकी तीच विसरतात, याचे मला वाईट वाटते. एसटीएम३२ मालिकेतल्या अनेक मायक्रोकंट्रोलरांमध्ये एन्कोडर मोजणारे टायमर हार्डवेअरमध्येच असतात. प्रोग्रामला फक्त आकडा वाचायचा असतो. रबाळ्याला आम्ही शेवटी हाच पर्याय निवडला आणि थर सरळ बसू लागले. आता तिथे आठ मोटरींच्या यंत्राचा आराखडा सुरू आहे. त्यात मोजणी एफपीजीए करील, आणि बटणे व पडदा मायक्रोकंट्रोलर सांभाळील.